पोपच्या राज्याची तांब्याची नाणी: एक मिश्र लॉट लावताना

इटलीच्या लिलावांत पोपच्या राज्याचे, म्हणजे मध्य इटलीवर पोपची सत्ता होती त्या काळाचे, तांबे बहुधा घाऊक येते, एकत्र विकल्या जाणाऱ्या 'लॉट'मध्ये. सोन्याचांदीच्या नाण्याला स्वतंत्र फोटो मिळतो, स्वतंत्र वर्णन मिळते. तांबे मात्र एका पिशवीत भरलेले असते आणि वर 'पोपची नाणी, विविध' एवढीच चिठ्ठी. पण रोमच्या बाजारात पाव, भाजी आणि दारू ज्या पैशावर मिळत होती तो पैसा हाच. राज्यावर संकट आले की त्याचा ठसाही आधी याच नाण्यांवर उमटला. म्हणून असा लॉट लावणे हे चांदीच्या नाण्यांपेक्षा मोठे काम आहे, असे आमचे ठाम मत आहे.

आम्ही लावलेला हा लॉट साधारण १७४० ते १८६९ या काळातला होता. त्यात क्वात्रीनो, अर्धा बायोक्को, बायोक्को, १७९७ची जाड नाणी आणि शेवटच्या वर्षांतले सोल्दी असे सगळे एकत्र होते. सुरुवातीला हिशेब डोक्यात पक्का हवा: ५ क्वात्रीनी म्हणजे १ बायोक्को, १० बायोक्की म्हणजे १ पाओलो आणि १०० बायोक्की म्हणजे १ स्कूदो. पाओलोपासून वर चांदी, बायोक्कोपासून खाली तांबे. मधल्या काही किमती हिणकस चांदीच्या, आणि तिथेच घोळ होतो. त्याकडे पुढे येऊ.

पहिला नियम असा की नाण्याला क्रमांक मिळेपर्यंत पाणी लावायचे नाही. प्रत्येक नाणे कडेने धरून, नायट्रिलचे हातमोजे घालून बाहेर काढले, आम्लरहित कागदाच्या पाकिटावर क्रमांक टाकला, दोन्ही बाजूंचा फोटो घेतला, मग वजन आणि व्यास. काटा ०.०१ ग्रॅमचा लागतो. सोनाराकडचा चालतो, पण दर वेळी प्रमाणित वजन ठेवून तपासावा. व्यास दोन ठिकाणी मोजावा, कारण अठराव्या शतकातली चकती क्वचितच पूर्ण गोल असते. आमच्याकडे १ ते २ मिलिमीटरचा फरक अनेकदा निघाला. कॅलिपरचे जबडे प्लास्टिकचे असावेत. स्टीलचे जबडे कडेवरची पाटिना, म्हणजे वर्षानुवर्षांनी धातूवर चढलेला थर, खरवडतात आणि ती जागा पुढे कायमची चमकत राहते.

शेवटची नोंद ठशाच्या दिशेची. नाणे वरखाली न हलवता उभ्या अक्षावर फिरवायचे आणि मागच्या बाजूचा वरचा भाग घड्याळाच्या कितव्या तासाकडे आहे ते लिहायचे. एकोणिसाव्या शतकातल्या यांत्रिक नाण्यांत हे ठरलेले असते. १७९७च्या नाण्यांत ते कुठेही भरकटते, आणि ते भरकटणे हीसुद्धा माहितीच आहे.

मग चित्रावरून वाटणी. पोपचे कुलचिन्ह असलेली एक रास. मादोन्ना (मेरी) किंवा संत पीटर असलेली मोठी, जाड नाणी दुसऱ्या राशीत. पोपचा मुखवटा, म्हणजे चेहरा, असलेली तिसऱ्या राशीत. दंडांची जुडी किंवा गरुड असलेली, म्हणजे प्रजासत्ताकांची, चौथीत. बोलोन्याचा झेंडा धरलेला सिंह वेगळा ठेवावा. त्याच्याभोवतीच्या 'बोनोनिया दोचेत' या ब्रीदामुळे तो झिजलेल्या क्वात्रीनोवरही ओळखू येतो.

कुलचिन्हांची रास सर्वांत मोठी होती आणि सर्वांत जास्त शिकवणारीही. तांब्याच्या नाण्यावर आधी कडेची अक्षरे झिजतात. पोपचे नाव जाते, वर्ष जाते, पण मधली ढाल खोल कोरलेली असल्यामुळे उरते. दर नव्या पोपबरोबर ढाल बदलते, म्हणून ढाल वाचता आली की नाण्याचा काळ दहावीस वर्षांच्या आत येतो. वरचा तिहेरी मुकुट आणि मागच्या फुलीच्या किल्ल्या मात्र सगळ्यांना सारख्याच असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नये. मुकुटाच्या जागी छत्र दिसले तर ते नाणे दोन पोपांमधल्या रिकाम्या काळातले.

आमच्या टेबलावर चिकटवलेली यादी अशी होती. बाराव्या क्लेमेंटची ढाल तिरप्या पट्ट्यांची, वरून एक आडवा पट्टा. चौदाव्या बेनेडिक्टची (१७४०–१७५८) रुंद उभ्या पट्ट्यांची. सहाव्या पायसच्या ढालीत वारा फुंकणारे तोंड, त्या वाऱ्याने वाकलेले लिलीचे फूल आणि वर तारे. सातव्या पायसची ढाल उभी दुभागलेली: एका बाजूला टेकड्यांवरचा दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस आणि त्यावर 'पाक्स' शब्द, दुसऱ्या बाजूला तिरपा पट्टा, त्यात काळ्या माणसांची मस्तके. बाराव्या लिओचा एकटा गरुड. आठव्या पायसचा किल्ला धरलेला सिंह. सोळाव्या ग्रेगरीची सगळ्यांत देखणी ढाल: एका पेल्यातून पाणी पिणारी दोन कबुतरे आणि वर तारा. नवव्या पायसची ढाल चार घरांची, दोनात सिंह आणि दोनात तिरप्या रेषा.

इथे एक फसगत नेहमी होते. ढालीवरचे रंग दाखवायला कोरीव काम करणारे बारीक रेषांची खूण वापरत: उभ्या बारीक रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. झिजलेल्या नाण्यावर लाल रंगाच्या उभ्या रेषा बेनेडिक्टच्या उभ्या पट्ट्यांसारख्या भासतात. बेनेडिक्टचे पट्टे रुंद असतात आणि एक साधा, एक रेषांनी भरलेला अशा क्रमाने येतात. १० पट भिंगाखाली हा फरक लगेच कळतो, नुसत्या डोळ्याला नाही.

प्रकाशही तिरपा हवा. टेबलाच्या पृष्ठभागाशी १० ते २० अंशांवर दिवा ठेवून नाणे चारही दिशांनी फिरवले. एका दिशेने कोरे दिसणारे अक्षर दुसऱ्या दिशेने उभे राहते. चार दिशांचे चार फोटो शेजारी ठेवून वाचले की अर्धे शब्द तरी निघतात. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवणे आम्ही टाळतो, कारण उरलेसुरले उंचवटे त्यानेही घासतात.

वर्ष झिजले असेल तर पोपच्या कारकिर्दीचे वर्ष शोधावे. 'आन' किंवा 'आन्नो' या शब्दापुढे रोमन आकड्यांत ते असते. हिशेब सोपा आहे, पण कॅलेंडरच्या वर्षाशी तो जुळत नाही. सहावे पायस १५ फेब्रुवारी १७७५ला निवडले गेले, म्हणून त्यांचे तेविसावे वर्ष फेब्रुवारी १७९७ ते फेब्रुवारी १७९८. म्हणजे १७९७च्या नाण्यावर बावीस आणि तेवीस हे दोन्ही आकडे बरोबर ठरू शकतात. नवव्या पायसची निवड १६ जून १८४६ची. त्यामुळे १८५०च्या नाण्यावर चौथे किंवा पाचवे वर्ष येते, १८६६च्या नाण्यावर विसावे किंवा एकविसावे. वर्ष आणि कारकिर्दीचे वर्ष हे जुळवणे पहिल्या दिवसापासून करावे, कारण ते चुकीचे वाचन पकडते. '१८५६, वर्ष पाचवे' असे कुठे वाचले गेले तर शेवटचा आकडा सहा नसून शून्य आहे, हे पुन्हा भिंग न लावताही कळते.

टांकसाळीच्या अक्षरानेही अशीच तपासणी होते. एकोणिसाव्या शतकात रोमसाठी आर आणि बोलोन्यासाठी बी. बोलोन्या १८५९च्या जूनमध्ये पोपच्या हातून गेले. त्यानंतरच्या वर्षाखाली बी दिसला तर एक तर वर्ष चुकले आहे, नाही तर तो बी नसून अर्धा झिजलेला आर आहे. अठराव्या शतकात टांकसाळी जास्त होत्या. गुब्बियोने तर तांब्याची नाणी भरमसाट पाडली आणि बायोक्कोवर गावाचे नाव पूर्ण कोरले. फेर्रारा आणि राव्हेन्नाचीही छोटी नाणी अधूनमधून येतात. लॅटिन अक्षरांत यू ऐवजी व्ही कोरलेला असतो, त्यामुळे गुब्बियो किंवा पेरुजाचे नाव पहिल्यांदा अनोळखी वाटते.

आता दुसरी रास, १७९७ची. खरे काम इथे आहे.

नेपोलियनच्या सैन्याने १७९६मध्ये उत्तरेचे प्रांत घेतले, बोलोन्याचा तह झाला आणि १९ फेब्रुवारी १७९७ला तोलेन्तिनोचा. दोन्ही तहांत पोपच्या राज्यावर जबर खंडणी बसली. चांदी निघून गेली, कागदी चलनावरचा विश्वास आधीच उडालेला होता. रोजच्या व्यवहाराला पैसा उरला नाही, म्हणून मोठ्या किमतीची तांब्याची नाणी काढली गेली: अडीच बायोक्कीचे सांपिएत्रीनो, ज्यावर संत पीटरचा मुखवटा, आणि पाच बायोक्कीचे मादोन्नीना, ज्यावर मेरीचा. एकट्या रोमच्या टांकसाळीला एवढा पुरवठा झेपणारा नव्हता, म्हणून प्रांतांतल्या गावोगावी टांकसाळी उघडल्या. आंकोना, आस्कोली, चिव्हितावेक्किया, फानो, फेर्मो, फोलिन्यो, माचेराता, मातेलिका, मोन्ताल्तो, पेर्गोला, पेरुजा, रोंचिल्योने, सान सेव्हेरिनो, स्पोलेतो, तेर्नी, तिव्होली, व्हितेर्बो अशी ही यादी लांबते. एवढ्याशा राज्यात एका वर्षात इतक्या ठिकाणी एकच नाणे पडू लागले की काय होते, ते या राशीत हातात धरून पाहता येते.

ओळखण्याची रीत अशी. मादोन्नावर 'सांक्ता देई जेनित्रिक्स' ही अक्षरे असतात, पीटरवर 'आपोस्तोलोरुम प्रिन्चेप्स'. मुखवट्याची बाजू सपाट झाली असली तरी दुसऱ्या बाजूला मधोमध किंमत शब्दांत असते: पाचासाठी 'चिंक्वे', अडीचासाठी 'दुए ए मेद्झो'. गावाचे नाव त्या किमतीखाली येते. कडेने 'पिउस पापा सेक्स्तुस' आणि कारकिर्दीचे वर्ष.

वजनावरून किंमत ठरवायला जाऊ नये. मादोन्नीना किमतीने सांपिएत्रीनोच्या दुप्पट, पण वजनाने दुप्पट नाही. दोन्ही साधारण १० ते २० ग्रॅमच्या पट्ट्यात सापडतात आणि एकमेकांवर चढतात. हलके मादोन्नीना जड सांपिएत्रीनोपेक्षा कमी भरू शकते. नाण्यावरची किंमत आणि त्यातले तांबे यांचा संबंध सुटला होता याचा हा पुरावाच आहे. म्हणून या राशीत प्रत्येक वजन लिहून ठेवावे. एकाच गावाची नाणी शेजारी लावली की चकत्या किती सैल कापल्या होत्या ते आकड्यांत दिसते.

शिवराई जमवणाऱ्यांना इथे एक गोष्ट ओळखीची वाटेल: ठसा चकतीपेक्षा मोठा किंवा मधून सरकलेला असतो, त्यामुळे कडेची अक्षरे नाण्याच्या बाहेर राहतात. शिवराईवर आपण जसे उरलेल्या अक्षरांच्या जागेवरून 'छत्रपती' ओळखतो, तसेच इथे गावाच्या नावातले मधले दोन अक्षरांचे जोड पकडावे. 'आर-एम' दिसले तर फेर्मो, 'आर-एन' दिसले तर तेर्नी. एकच अक्षर वाचता येत असेल तर अंदाज लिहू नये.

सपाटपणा दोन प्रकारचा असतो, आणि हे ओळखता न आल्यामुळे चांगली नाणी कमी दर्जात जातात. झीज असेल तर उंच जागा गुळगुळीत होतात आणि त्यांची कड हळूहळू खाली उतरते. ठसा नीट न बसल्यामुळे सपाट राहिलेले असेल तर त्या जागी चकतीचा मूळ खडबडीतपणा, तिच्यावरचे ओरखडे, पत्रा लाटतानाच्या समांतर रेषा तशाच शिल्लक असतात, आणि शेजारचे अक्षर मात्र धारदार असते. मादोन्नाच्या गालावर अशा रेषा दिसल्या तर ते नाणे झिजलेले नाही, घाईत पाडलेले आहे. दर्जा लिहिताना दोन्ही वेगळे लिहावे: 'झीज मध्यम, ठसा मधोमध कमजोर'. इटालियन विक्रेत्यांच्या उतरत्या क्रमात फिओर दि कोनियो, स्प्लेन्दिदो, बेल्लिस्सिमो, मोल्तो बेल्लो हे दर्जे येतात. बेल्लिस्सिमो म्हणजे आपल्याकडचे साधारण व्हेरी फाइन. 'मोल्तो बेल्लो' लिहिलेले नाणे प्रत्यक्षात बरेच झिजलेले असते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

त्या काळातली बनावट नाणी याच राशीत सर्वाधिक. कमी तांब्यात जास्त किंमत मिळते म्हटल्यावर बनावट करणाऱ्याला तांबे परवडते. ओतीव नकल ओळखायला आधी मैदान पाहावे, म्हणजे चित्र आणि अक्षरे यांच्यामधली सपाट जागा. ओतीव नाण्यात तिथे गोल तळाचे बारीक खड्डे असतात, हवेच्या बुडबुड्यांचे. गंजाने झालेले खड्डे वेडेवाकडे असतात. मग अक्षराचा पाया पाहावा: पाडलेल्या नाण्यात अक्षर मैदानातून काटकोनात उठते, ओतीवात ते साबणावर कोरल्यासारखे वितळत मैदानात मिसळते. शेवटी कड पाहावी, साच्याचे दोन भाग जुळल्याची रेष किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा दिसतात का. तिन्ही खुणा असतील तर नाणे बाजूला काढावे, पण टाकू नये. त्या काळातली बनावट ही त्या काळाची साक्ष आहे, आणि आम्ही ती खऱ्या नाण्यांच्याच पेटीत वेगळ्या कप्प्यात ठेवतो.

फेब्रुवारी १७९८मध्ये रोममध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. चौथ्या राशीतली दोन बायोक्कीची नाणी, ज्यांवर दंडांची जुडी आहे, ती तेव्हाची. १८४९च्या दुसऱ्या प्रजासत्ताकाची एक आणि तीन बायोक्कीची नाणी गरुडावरून कळतात. वर्ष वाचता येत असेल तर या राशीला फार वेळ लागत नाही.

हिणकस चांदीचा प्रश्न मात्र वेळ घेतो. सहाव्या पायसच्या काळात ४, ६, ८, १२, २५ आणि ६० बायोक्कीची नाणी तांबे जास्त आणि चांदी कमी अशा मिश्रणाची होती. वरचा पांढरा मुलामा उतरला की ती लालसर दिसतात आणि तांब्याच्या राशीत जाऊन बसतात. किंमत वाचता आली तर प्रश्न मिटतो. न वाचता आली तर घनता मोजता येते: काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने तळाला न टेकवता पाण्यात सोडायचे आणि दिसणारा आकडा लिहायचा. कोरडे वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. तांब्याची ८.९६, चांदीची १०.४९.

या पद्धतीची मर्यादा आधी समजून घ्यावी. १७ ग्रॅमचे तांब्याचे नाणे सुमारे १.९० ग्रॅमचा आकडा दाखवते, तेवढ्याच वजनाचे २० टक्के चांदीचे नाणे १.८४. हा फरक ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर दिसतो. २ ग्रॅमच्या नाण्यात मात्र तो ०.०१ ग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे काट्याच्या चुकीतच बुडतो. शिवाय नाण्याला चिकटलेला एक बुडबुडा आकडा वाढवतो आणि चांदीचे नाणे तांब्याचे ठरवतो. पाण्यात डिटर्जंटचा एक थेंब घालून, मऊ ब्रशने बुडबुडे काढून मगच आकडा घ्यावा. आणि ज्या नाण्यावर फिकट हिरवी पूड आहे त्याची घनता मोजायलाच नको, ते आधी कोरडे राहिले पाहिजे.

तिसरी रास सोपी वाटते आणि म्हणूनच तिथे चुका होतात. १८६६मध्ये पोपच्या राज्याने लिरा स्वीकारला, १ स्कूदो ५.३७५ लिरांचा धरून. १ लिरा म्हणजे १०० चेंतेसिमी, १ सोल्दो म्हणजे ५ चेंतेसिमी. तांब्याची नवी नाणी अशी: १ चेंतेसिमो १ ग्रॅमचे, अर्धा सोल्दो २.५ ग्रॅमचा, १ सोल्दो ५ ग्रॅमचा, २ सोल्दी १० ग्रॅमचे, ४ सोल्दी २० ग्रॅमचे. आता नवव्या पायसची जुनी नाणी पाहा: अर्धा बायोक्को सुमारे ५ ग्रॅम, बायोक्को १०, दोन बायोक्की २०, पाच बायोक्की ४०च्या आसपास. म्हणजे १० ग्रॅमचे, सुमारे ३० मिलिमीटरचे, नवव्या पायसचे झिजलेले नाणे बायोक्को असू शकते किंवा २ सोल्दी. काटा आणि कॅलिपर इथे काहीच सांगत नाहीत. एका बाजूला पोपचा मुखवटा असेल तर सोल्दी, ढाल असेल तर बायोक्को. दोन्ही गेले असतील तर किमतीच्या बाजूची कड पाहावी. सोल्दीवर 'स्तातो पोन्तिफिचो' ही अक्षरे कडेने असतात, बायोक्कोवर किमतीभोवती पानांची माळ.

या आकड्यांतून एक गोष्ट आपोआप निघते. नव्या नाण्यांत एका चेंतेसिमोला बरोबर १ ग्रॅम तांबे. जुन्या बायोक्कोत १० ग्रॅमला ५.३७५ चेंतेसिमी, म्हणजे एका चेंतेसिमोला १.८६ ग्रॅम. किमतीच्या मानाने तांबे जवळजवळ निम्मे झाले. आणि नव्या २ सोल्दींचे १० ग्रॅम, ३० मिलिमीटर हे माप शेजारच्या इटलीच्या १० चेंतेसिमींचेच होते. राज्य राजकारणात इटलीला विरोध करत होते, पण तराजूत त्याच्याशी जुळवून घेत होते. २० सप्टेंबर १८७०ला रोम पडले, त्याच्या आधी चारच वर्षे.

एवढे सगळे लिहून झाल्यावर पृष्ठभागाकडे वळायचे. आपल्या घरांत तांबे म्हटले की चिंच, कोकम, लिंबू-मीठ, नाहीतर भांडी घासायची पावडर पुढे येते. नाण्याला यातले काहीही लावू नये. तांब्यावरचा तपकिरी किंवा चॉकलेटी थर हा मळ नसतो, तो धातूचाच ऑक्साइड असतो. बारीक अक्षरांची शेवटची रेष पुष्कळदा त्या थरातच टिकलेली असते. आम्ल तो थर विरघळवते, नाणे गुलाबी होते आणि अक्षर जाते. मिठाने आणखी वाईट होते: त्यातले क्लोराइड तांब्याच्या छिद्रांत बसते.

नाण्यावर दोन प्रकारचे हिरवे असते. गडद, घट्ट, नखाने न निघणारे जंगाल स्थिर असते, त्याला हात लावू नये. फिकट, पुडीसारखे, टोकदार लाकडी काडीने उचलताच निघणारे आणि खाली खड्डा सोडणारे हिरवे हा रोग आहे. आतले क्युप्रस क्लोराइड हवेतल्या दमटपणाने सतत धातू खात राहते. शंका असेल तर नाणे ओलसर कापसासह, पण कापसाला न टेकवता, बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवावे. ताजे फिकट हिरवे ठिपके उठले तर खात्री झाली. ते नाणे लगेच बाकीच्यांपासून दूर करावे.

उपचार सोडियम सेस्क्विकार्बोनेटचा. १ लीटर ऊर्ध्वपातित पाण्यात निर्जल सोडियम कार्बोनेट ५.६ ग्रॅम आणि खायचा सोडा ४.४ ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचे द्रावण. पाच टक्क्यांचे द्रावण जलद काम करते, पण पाटिनाचा रंग बदलण्याचा धोका जास्त, म्हणून आम्ही सौम्यच घेतो. दुकानातला स्फटिकरूप धुण्याचा सोडा घेतला तर त्यात पाणी असते. तेवढ्याच कामाला त्याचे वजन २.७ पट, म्हणजे इथे सुमारे १५ ग्रॅम लागते. हे न पाहिल्यामुळे द्रावण फिके पडते आणि महिने जातात. नाणे नायलॉनच्या जाळीवर ठेवावे, धातूच्या नाही. द्रावण दर आठवड्याला बदलावे. काढलेल्या द्रावणाचा थोडा भाग घेऊन त्यात पातळ नायट्रिक आम्ल घालून आधी आम्लधर्मी करावा, मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. पांढरट गढूळपणा आला तर क्लोराइड अजून निघते आहे. आम्ल न घालता थेंब टाकला तर कार्बोनेटचाच साका येतो आणि निकाल कधीच स्वच्छ मिळत नाही.

शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याच्या काही धुण्या, मग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून पाणी काढणे, मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर. पुढे गंज रोखणारे बेन्झोट्रायझोल, तीन टक्के, इथेनॉलमध्ये, हातमोजे घालून, कारण हे रसायन अंगावर जाऊ देण्यासारखे नाही. त्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात. उपचाराची तारीख, प्रमाण आणि आधीनंतरचे फोटो पाकिटावरच्या क्रमांकासमोर लिहावेत. पुढे हे नाणे ज्याच्या हाती जाईल त्याला रंग का बदलला ते कळले पाहिजे.

मुंबई, कोकण, गोवा इथे खरी लढाई नंतर सुरू होते. रोग दबलेल्या तांब्याला सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०च्या वर राहते. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्यावा आणि लीटरला २० ग्रॅम सिलिका जेल टाकावे. १० लीटरच्या डब्याला २०० ग्रॅम. नारिंगी रंग बदलणारे जेल घ्यावे, निळ्यात कोबाल्ट असते. रंग बदलले की ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून, बंद बरणीत गार करून परत ठेवावे. कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी मिळणारे ड्राय कॅबिनेटही चालते, फक्त त्याच्या आकड्यावर न विसंबता आत स्वतंत्र आर्द्रतामापक ठेवावा. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे टाकून द्यावीत. त्यांतून निघणारे आम्ल तांब्यावर चिकट हिरवा थर आणते. कडक पॉलिएस्टरची पाकिटे चालतात. नाणी पाहायची असतील तर डिसेंबर ते मार्च हे महिने. जुलैत डबा उघडण्यापेक्षा फोटो उघडावा.

या लॉटमध्ये गावाचे नाव न वाचता आलेली मादोन्नीना काही उरली. त्यांच्या पाकिटांवर वजन, व्यास, ठशाची दिशा आणि 'टांकसाळ अनिश्चित' एवढेच लिहिले आहे. त्याच ठशाचे, पण नाव स्पष्ट असलेले दुसरे नाणे कुठल्या तरी लिलावात फोटोसह येते, तेव्हा मादोन्नाच्या डोक्यावरच्या पदराच्या घड्या आणि अक्षरांमधली अंतरे एकावर एक ठेवून पाहावीत. ठसा जुळला की गाव मिळते.